स्पिटफायरच्या पुढून टणटण: स्टॅबिलायझर लिंक, खारी हवा आणि इंची पाने

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ४, १९७२ ची, १२९६ सीसी. चुलतसासऱ्यांनी विलायतेतून परतताना बोटीने आणलेली. पुढे बरीच वर्षं रत्नागिरीत माडांच्या सावलीत, झापाच्या शेडखाली पडून होती. इंजिन, ब्रेक, वायरिंग हे सगळं हळूहळू मार्गी लागलंय. आता पुढून, डाव्या बाजूने, टण्ण असा लोखंडी आवाज येतो.

कधी येतो ते लक्ष देऊन पाहिलंय. जयगड-तवसाळ फेरीबोटीचा रॅम्प तिरका घेतला की हमखास. घरच्या गडग्यातून बाहेर पडताना एकच चाक गटारावरच्या फरशीवर चढतं, तेव्हाही. पण सरळ गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम गेली तर गाडी चकार शब्द काढत नाही. शिवाय वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलते असं मला वाटतं. बायको म्हणते, ती पहिल्यापासूनच कलते, तुम्ही आता वळायला लागलात.

एका गॅरेजात दाखवली. त्यांनी हाताने पुढचं नाक दाबलं, दोनदा हलवलं आणि "जंपर गेले" म्हणून निकाल दिला. दोन्ही जंपर बदलले, पैसे मोजले, आवाज तसाच. गॅरेजचं नाव घेत नाही, माणूस बाकी भला आहे. पण आता पुढचा खर्च करायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारतोय. अजून काय बघू?

उलटा_पाना

उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय की. एक चाक वर, दुसरं खाली असताना आवाज. दोन्ही एकदम वर गेली की शांतता. जंपर दोन्ही वेळेला काम करतो, त्यामुळे तो सरळ गतिरोधकावरही बोलला असता. गाडीच्या पुढच्या भागात असा एकच अवयव आहे जो दोन्ही चाकं सारखी हलली तर नुसता फिरतो आणि वेगवेगळी हलली तरच पिळला जातो. स्टॅबिलायझर बार. म्हणजे बार, त्याचे चासीवरचे रबरी बुश, किंवा त्याला लोअर आर्मशी (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याशी) जोडणाऱ्या दोन लिंक. नव्वद टक्के लिंक.

घरी बघायचं तर असं करा. गाडी चारही चाकांवर, सपाट जागी उभी. जॅक लावू नका, जॅकने एक बाजू उचलली की बार पिळतो आणि ढिली लिंकसुद्धा ताठ होऊन घट्ट असल्याचं सोंग आणते. स्पिटफायरचं तर काम सोपं आहे, मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे उलटतं. बॉनेट उलटा, डावी लिंक मुठीत धरा आणि जोरात हलवा. दुसऱ्याला गाडीचा कोपरा दाबायला लावा. सांध्यावर बोट ठेवलंत तर टकटक बोटाला कळते, कानाने ऐकायची गरज नाही.

बॉल जॉइंटवरचं रबर फाटलंय का तेही बघा, आणि प्रचि (फोटो) टाका.

निवांत

वाचतोय. गाडीचेही प्रचि येऊ देत, नुसते गंजलेले नट नकोत.

आंबेवाला_देवगड

माझ्या साध्या हॅचबॅकलाही असाच आवाज आहे. एक लिंक गेली तर अर्धा बार चालतो ना? हापूसचा हंगाम संपेपर्यंत चालवतो म्हणतोय.

उलटा_पाना

@आंबेवाला, अर्धा बिर्धा काही चालत नाही. बार काम करतो तो दोन टोकं एकमेकांविरुद्ध पिळून. एक टोक सुटलं की दुसऱ्याला पिळायला काही उरत नाही, तो मग नुसती लोंबती सळई. तुमची गाडी साधी आहे, जपून चालवलीत तर हंगाम निघेल. पण पेट्या भरून घाट चढू-उतरू नका, आणि तुटलेली लिंक टायरला किंवा ब्रेकच्या पाइपाला घासत नाही ना तेवढं आजच बघा.

गियरबदल

धागाकर्त्याच्या गाडीबाबत मात्र "जपून चालवा" एवढ्यावर मी थांबणार नाही. ही गाडी लिंकशिवाय घाटात नेऊ नका. का, ते थोडं सविस्तर.

स्पिटफायर १९६२ साली आली ती ट्रायम्फ हेराल्डच्या सांगाड्यावर. दोघींचा आराखडा इटालियन डिझायनर मिकेलोत्तीचा. पुढे कॉइल स्प्रिंग आणि वर-खाली दोन आर्म, हे उत्तम. गोची मागे आहे. मागे आडवा पाटा (पानांची स्प्रिंग) आणि स्विंग ॲक्सल, म्हणजे अर्धा ॲक्सल फक्त डिफरन्शियलच्या बाजूला सांध्यावर डोलतो आणि चाक त्या ॲक्सलला काटकोनात पक्कं. वळणात मागचा भाग उचलला गेला की बाहेरचं चाक आत मुडपतं, टायरची रस्त्यावरची पकड एकदम कमी होते आणि शेपूट बाहेर. हे सगळ्यात जास्त कधी होतं? वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की. आंबा घाटात समोरून एसटी दिसल्यावर माणूस नेमकं तेच करतो.

मार्क ४ मध्ये (१९७० च्या शेवटी) कंपनीने यावर तोड काढली. मागच्या पाट्याचं फक्त सगळ्यात खालचं पान डिफरन्शियलला पक्कं केलं, बाकीची पानं मध्यावर डोलती ठेवली. त्यामुळे दोन्ही चाकं मिळून वजन पेलायला पाटा पूर्वीसारखाच घट्ट, पण गाडी कलताना मागून विरोध फारच कमी. मग कलणं थोपवणार कोण? म्हणून पुढचा बार जाड केला. म्हणजे या मॉडेलात कलण्याला होणारा बराचसा विरोध एकट्या पुढच्या बारच्या माथी आहे.

आता त्या बारची एक लिंक काढा. लोकांना वाटतं, गाडी जरा जास्त कलेल, एवढंच. तेवढंच नाही. पुढून विरोध गेला की वळणातला भार पुढच्या बाहेरच्या चाकाऐवजी मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त जातो. आधी गाडी पुढून घसरून तुम्हाला इशारा देत होती, आता मागून घसरण्याकडे तिचा कल वाढतो. आणि मागे काय आहे ते वर लिहिलंच आहे.

खाडीपलीकडे

@गियरबदल, वाचून आंबा घाटाचा बेत रद्द केलाय. गाडी शेडमध्ये.

@उलटा_पाना, बोट ठेवलं, कळलं. डावी लिंक. कोपरा दाबला की सांध्यातला गोळा खोबणीत वर-खाली आपटतो. रबराचा बूट एका बाजूने उभा चिरलेला, बोटाने दाबल्यावर आतून ग्रीस नाहीच, चहाच्या चोथ्यासारखा तांबूस-काळा चुरा बाहेर आला. उजवीचा बूट वरून धड दिसतो पण फुगून मऊ झालाय, बोट लावलं की काळं लागतं.

गाडी फिरलीच नाही हो फारशी. मग झिजली कशी?

भट्टीवाली

झिजली नाही, कुजली. मी कोल्हापूरला ओतशाळेत धातू-परीक्षण बघते, माहेर गुहागर, त्यामुळे हा विषय दोन्हीकडून माहितीचा.

बॉल जॉइंट म्हणजे घासून गुळगुळीत केलेला पोलादी गोळा, त्याची खोबण, मध्ये ग्रीस आणि वर रबराचा बूट. बूट शाबूत आहे तोवर तो सांधा पिढीभर टिकू शकतो. बूट चिरला की तीन गोष्टी आत जातात: पाणी, मीठ आणि जांभ्याची लाल धूळ. खाऱ्या हवेतलं क्लोराइड पोलादावरचा पातळ रक्षक थर टिकू देत नाही, गोळ्यावर बारीक खड्डे पडतात. मग तोच खडबडीत गोळा खोबणीला कानशीसारखा घासतो. धूळ आणि गंज मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. गाडी रोज फिरत असती तर निदान ग्रीस गोळ्यावर सगळीकडे पसरत राहिलं असतं. चार महिने पावसाळा एकाच जागी उभी म्हणजे गोळ्याच्या एकाच भागावर ओल बसून राहते. किनाऱ्यावर उभ्या गाड्यांचे सांधे घाटावरच्या धावत्या गाड्यांच्या आधी जातात, ते यामुळे.

उजव्या बुटाचं निदान वेगळं आहे. फुगलेलं, मऊ, काळं सोडणारं रबर म्हणजे त्याला खनिज तेल लागलंय. पावसाळ्याआधी गाडी खालून जळकं ऑइल मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. पत्र्याला ते चांगलं. नैसर्गिक रबराला विष. तुमची गाडी मारून घेतली होती का?

खाडीपलीकडे

दर मे महिन्यात. सर्व्हिसिंगवाला पोरगा म्हणायचा, "काका, सगळीकडे मारलंय, एक जागा सोडली नाही." खरंच सोडली नाही म्हणायची.

भट्टीवाली

मग यापुढे त्याला बुश आणि बूट सोडून मारायला सांगा, किंवा त्या जागांना प्लास्टिकची पिशवी बांधून द्या. रबराला लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

मिस्त्री_मालवण

रे झिला, लिंक बदलूक घेतलंस ता बरां केलंस. पण चाक काडतलंस तर खालचो ट्रनियन बगल्याशिवाय चाक परत घालू नको. मी मुंबयत ऐन उमेदीत हेराल्डी खूप बगितलंय. लिंक तुटली तर आवाज येता. ट्रनियन तुटलो तर आवाज येना नाय, चाकच आडवां पडता.

तेका ग्रीस मारू नको. तेल लागता. नव्वद नंबराचा गियर ऑइल. ग्रीस घट्ट होवन बसता, आट्यांत खाली पोचना नाय, मगे थंय पाणी साठता. ग्रीसगन धुवन घे, तेल भर आणि नवा तेल भायर येयसर मार. वर्साक येकदा तरी. पावसापयलां येकदा आणि मागसून येकदा केलंस तर आणखी बरां.

गियरबदल

काकांना शंभर टक्के अनुमोदन. ज्यांना ट्रनियन माहीत नाही त्यांच्यासाठी: या गाड्यांत चाकाचा उभा पोलादी दांडा खाली काशाच्या एका ठोकळ्यात आट्यांनी बसवलेला असतो, आणि स्टिअरिंग वळवलं की तो त्या आट्यांत फिरतो. डावा-उजवा वेगळा, एकाचे आटे उलटे. तेल नसेल तर दांडा आट्यांच्या जागी गंजून मोडतो. कंपनीच्या पुस्तकातही तेलच सांगितलंय. फक्त ईपी-९० घेताना जीएल-४ दर्जाचं घ्या. जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं पितळ-काशाला मानवत नाहीत असं बरेच जण मानतात, आणि जीएल-४ मिळत असताना वाद कशाला.

उलटा_पाना

बरं, आता सुटे भाग. धागाकर्ते, काय ठरतंय?

खाडीपलीकडे

तीन मतं आलीत. शेजारचा वेल्डर म्हणतो, जुन्या लिंकचा गोळा खोबणीत वेल्ड करून टाकू, "आवाजच बंद". मेहुणा म्हणतो, आजकालच्या कुठल्याही मारुतीची लिंक आण आणि बसव. एक मित्र रेसिंगवाल्या उघड्या रोज-जॉइंटची (बूट नसलेल्या गोळ्याच्या सांध्याची) लिंक लेथवर करून देतो म्हणतोय, दिसायला देखणी. चौथा मार्ग म्हणजे इंग्लंडहून मागवणं. पुतणी तिकडे शिकते, दिवाळीला येताना बॅगेतून आणेल.

भट्टीवाली

वेल्डरला चहा पाजा आणि परत पाठवा. गोळा पक्का केला की सांधा राहिला नाही. चाक वर-खाली होताना लिंकचा कोन बदलतो, तो बदलू दिला नाही तर स्टड (गोळ्याचा आटे असलेला दांडा) दर खड्ड्याला वाकवला जाणार. त्यात वेल्डच्या कडेचा पोलादाचा पट्टा तापून-थंड होऊन ठिसूळ झालेला असतो. तो थकव्याने तुटणार, आणि बहुतेक वळणातच, कारण भार तेव्हाच येतो.

रोज-जॉइंट देखणे असतात हे खरं, पण त्यांना बूट नसतो. रेसिंगवाले ते दर काही शर्यतींनी तपासतात, बदलतात. भाट्याच्या पुलावरून येणारा वारा त्यांना एका पावसाळ्यात खाऊन टाकेल. रबरी टोप्या मिळतात वरून घालायला, पण मग मूळ बूटवाली लिंकच काय वाईट आहे?

उलटा_पाना

मारुतीच्या लिंकबद्दल मी सांगतो. लांबी जुळली तरी आटे जुळणार नाहीत. आपल्या गाड्या मिलिमीटरवाल्या, ट्रायम्फ इंची. ३/८ इंचाचा स्टड म्हणजे ९.५ मिमी आणि भोकही त्याच मापाचं; एम-१० (१० मिमी) त्यात शिरणार नाही. मग कोणीतरी "थोडं मोठं करू" म्हणून बारच्या टोकाला ड्रिल घालतो. बार स्प्रिंगच्या पोलादाचा असतो आणि टोकाला मुळातच कमी माल असतो. तो मोठा करायचा नाही, बस. नटाचंही तेच. ३/८ यूएनएफला (इंची बारीक आट्याला) इंचात २४ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जेमतेम १.०६ मिमी. एम-१० चा १.२५ किंवा १.५. चुकून एक दोन वेढे चढतात आणि मग आटे खाऊन अडकतात.

त्याच झटक्यात पानेही सांगून ठेवतो. इंची पाना-सेट मागून आणा. ९/१६ चा नट म्हणजे १४.३ मिमी: चौदाचा पाना चढत नाही, पंधराचा चढतो आणि कोपरे गोल करतो. अर्ध्या इंचाला तेराचा चालून जातो, तेवढा एक अपवाद.

इंग्लंडहून मागवा. दोन्ही बाजूंच्या. सोबत चासीवरच्या क्लॅम्पचे रबरी बुश आणि नवे नायलॉक (नायलॉनची कडी असलेले) नट.

निवांत

एक शंका. ही १९७२ ची, म्हणजे ५० वर्षांवरची. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी, व्हीए मालिकेचा नंबर वगैरे आलंय ना? त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे. असे भाग बदलले तर अडचण?

गियरबदल

नाही. अट मोठ्या फेरबदलांबद्दल आहे, म्हणजे चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन. झिजलेली लिंक, बुश, टायर, ब्रेक ही देखभाल झाली. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अवांतर सांगायचं तर घाई करू नका. व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. ज्याला फेरीबोटीने तवसाळला जाऊन मासे आणायचेत त्याने आधी विचार करावा.

आंबेवाला_देवगड

मासे आणणं हे तांत्रिक संशोधनात बसवता येईल का? :)

खाडीपलीकडे

धागा वर काढतोय. पुतणी आली, लिंक आल्या. कस्टमवाल्याने बॅगेतलं लोखंड बघून "हे काय" विचारलं, तिने "काकाची गाडी" सांगितलं, त्याने तिच्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि सोडलं.

काम झालं. ज्यांना पुढे करायचंय त्यांच्यासाठी लिहितो.

आमचं अंगण जांभ्याचं, त्यामुळे स्टँडखाली सागाच्या फळ्या घातल्या. नाहीतर स्टँडचा पाय दगडात रुततो आणि गाडी तिरकी होते. मागच्या चाकांना दगड. पुढचा भाग मधून उचलून दोन्ही बाजूंनी चासीखाली सारख्या उंचीला स्टँड, आणि दोन्ही पुढची चाकं काढून दोन्ही आर्म सारखे लोंबते. उलटा_पानाने सांगितलेलं हे कळीचं निघालं. मुद्दाम बघायचं म्हणून डाव्या आर्मखाली जॅक लावून तो थोडा वर केला, तर लिंक अशी ताणली गेली की हाताने तसूभर हलेना. जॅक सोडला, दोन्ही बाजू समान, आणि लिंक पुन्हा सैल. एकच बाजू उचलून जे लोक लिंक हातोडीने ठोकतात ते लिंकशी नाही, बारच्या पिळाशी भांडत असतात.

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, वायर ब्रशने स्टडचं टोक पांढरं केलं होतं. उजवीचे नट शहाण्यासारखे सुटले. डावीचा वरचा नट थोडा फिरला आणि मग नटाबरोबर गोळाच खोबणीत फिरायला लागला. ग्रिप पान्याने स्टडची मान धरायचा प्रयत्न केला, पण बूट मध्ये येतो, तो कापला, तरी मान गंजून गुळगुळीत. शेवटी नट उभा कापला. ग्राइंडर नाही, हॅक्सॉचं नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून. बारच्या अंगाला ओरखडा नको होता. नटाची एक बाजू कापून छिन्नीचा एक हलका ठोका दिला आणि तो उघडला.

नव्या लिंक आणि जुनी उजवी शेजारी ठेवून लांबी ताडून पाहिली, दोन्ही नव्या एकमेकींशीही ताडल्या. लांब-आखूड असत्या तर गाडी उभी असतानाच बार पिळलेला राहिला असता. स्टडच्या आट्यांना आणि भोकांत मिरकरवाड्याच्या बोटीवाल्यांकडचं, पाण्याला दाद न देणारं ग्रीस लावलं, बुटावर नाही. घट्ट करताना नव्या स्टडची मान पान्याने धरायला जागा आहे, त्यामुळे गोळा फिरला नाही. चासीवरचे क्लॅम्प मात्र हातघट्टच ठेवले, चाकं चढवून गाडी खाली घेतली, नाकावर बसून दोन-चार वेळा दाबली आणि मग पुस्तकातल्या मापाने आवळले.

काकांनी सांगितलं तसं ट्रनियनला तेलही मारलं. आधी काळं पाणी आलं, नंतर काळं तेल, मग स्वच्छ. ते काळं पाणी बघून पोटात गोळा आला.

मिस्त्री_मालवण

पाणी इला म्हणजे ग्रीस मारलेलां हुतां कोणीतरी. आता पंद्रा दिसांनी परत मार, आणि दांडो येकदा भायर काडून आट्यांच्या वरचो भाग बग. थंय गंजाची रेघ दिसली तर बदल, इचार करीत बसू नको.

खाडीपलीकडे

हो काका. ते काम पुढच्या फेरीत, दांडे आणि ट्रनियन दोन्ही मागवतोय.

उलटा_पाना

झक्कास. आवाज?

खाडीपलीकडे

टण्ण गेला. फेरीबोटीचा रॅम्प तिरका, सरळ, उलटा, सगळ्या प्रकारे घेऊन पाहिला, बोटीवरचा पोरगा शेवटी "काका, नक्की जायचंय ना?" विचारता झाला. वळणावरचा फरक तर लगेच कळतो. आरे-वारेच्या चढणीवरच्या वळणांत आधी स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी आधी कलायची आणि मग वळायची. आता हात फिरला की नाक फिरतं.

एक बारीक टक् अजून आहे, उजवीकडून, कमी वेगात, खड्ड्यात. टण्ण नाही, टक्.

गियरबदल

ब्रेक हलका दाबून त्याच खड्ड्यातून जा. आवाज गेला तर कॅलिपर किंवा ब्रेक पॅड. तसाच राहिला तर आर्मचे आतले बुश किंवा नव्या जंपरचा वरचा नट. तो गॅरेजवाल्याने पुरता आवळलाय का बघा. मी पैज लावतो, नट.

खाडीपलीकडे

नटच. जवळजवळ पूर्ण एक वेढा आवळला गेला. पैजेचं काय देणं लागतो ते सांगा.

गियरबदल

आंबेवाल्याकडून एक पेटी माझ्या नावे.

आंबेवाला_देवगड

मी यात कुठून आलो? रच्याकने (जाता जाता), माझीही लिंक बदलली. हंगाम संपायच्या आधी.

हेराल्डवाला

उशिरा धागा सापडला. वेंगुर्ल्यात वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासची बांधणी, ९४८ सीसी. पुढचा भाग स्पिटफायरच्या घरातलाच, आणि आवाजही अगदी वर्णन केलाय तसाच, दोन्हीकडून. माझ्या गाडीच्या लिंक मागच्या मालकाने कधीतरी बदललेल्या आहेत, टोकं जागेवर वाकवून बसवलीत, त्यामुळे मूळ माप मिळत नाही. १९७२ नंतरच्या गॅझेलवाल्यांना (हेराल्डचीच पुढची आवृत्ती) विचारलं, पण त्यांना मागच्या अखंड ॲक्सलच्याच गोष्टी माहीत, पुढचं कोणी उघडलेलं नाही.

@खाडीपलीकडे, तुमच्या जुन्या लिंक फेकल्या का? मूळ कंपनीच्या असतील तर माप घ्यायला हव्या होत्या. माझ्या बारशी आणि आर्मशी ताडून बघतो, जुळलं तरच मागवीन.

भट्टीवाली

बारची जाडी आणि टोकाच्या भोकाचं माप दोन्ही घ्या, मार्क ४ चा बार जाड आहे. नुसत्या लिंकच्या लांबीवर जाऊ नका. आणि तुमच्या वाकवलेल्या लिंक गाडीवर ठेवून तोपर्यंत फिरू नका. थंड वाकवलेल्या जागी भेगा पडतात. आधी काढून केरोसिनमध्ये बुडवा, पुसा, खडूची पूड लावा. भेग असेल तर आत शिरलेलं तेल पुडीवर रेघ म्हणून उमटतं.

खाडीपलीकडे

@हेराल्डवाला, फेकल्या नाहीत, डावीचा फक्त वरचा नट कापलेला आहे, बाकी आख्खी आहे. दोन्ही पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माप घेऊन झालं की परत नकोत, पण इथे लिहा.